अंगणातल्या दगडी फरशीवरचा चमकीचा लेप कसा काढावा?

मस्जिदीच्या सहनात, बंगल्याच्या अंगणात किंवा दुकानापुढच्या ओट्यावर बसवलेल्या दगडी फरशीला चमक देणारा लेप मारून घेण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत आपल्याकडे फार वाढली आहे. पूर्वी शहाबादी बसवली, दर्जा भरल्या, काही दिवस पाणी मारले, की काम संपले असे समजत. आता फरशी नीट सुकण्यापूर्वीच कोणीतरी 'सीलर'चा डबा पुढे करतो. फरशी कायम नव्यासारखी दिसेल, डाग पडणार नाहीत, शेवाळ धरणार नाही, असे सांगितले जाते. ईद किंवा घरातले लग्न तोंडावर आलेले असते. ट्रस्टी मंडळी किंवा घरमालक हो म्हणतात. पहिले दोन-तीन महिने फरशी खरोखरच आरशासारखी दिसते.

तक्रारी सुरू होतात त्या पहिल्या पावसाळ्यानंतर. कुठे पांढुरके चट्टे उठतात, कुठे लेपाचे पापुद्रे निघतात, उन्हाची बाजू पिवळी पडते. आणि सर्वांत वाईट म्हणजे फरशी घसरडी होते. वजू करून ओल्या पायांनी सहन ओलांडणारे आपले बुजुर्ग लोक अशा फरशीवर पडतात. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्‌ महिने अंथरुणाला खिळतो. तेव्हा हा केवळ शोभेचा प्रश्न नाही.

मग घाईने उपाय केला जातो आणि तो बहुतेक ठिकाणी एकच असतो. संडास धुण्याचे ॲसिड आणून ओतायचे. या ॲसिडने लेप निघत नाही, पण दगड मात्र जातो. म्हणून फरशीचे मालक आणि हे काम करणारे कारीगर बंधू, दोघांच्याही उपयोगासाठी या कामाची माहिती येथे देत आहे.

लेप बिघडतो का?

अंगणातला दगड जमिनीवर बसलेला असतो. जमिनीची ओल दगडातून वर चढते आणि उघड्या पृष्ठभागावरून वाफ होऊन निघून जाते. हा दगडाचा श्वास समजा. बाजारात मिळणारे बहुतेक चमकदार लेप म्हणजे प्लास्टिकचा पातळ पडदा. ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी अशी त्यांची नावे डब्यावर असतात. हा पडदा पसरला की ओल त्याच्याखाली अडकते आणि लेप पांढरट दिसू लागतो. ओलीबरोबर मातीतले व सिमेंटमधले क्षारही वर येतात. ते लेपाखाली साठून फुगतात आणि दगडाचा वरचा थर सोलून काढतात. वरून पाणी पडले की पडद्याच्या गुळगुळीत अंगावर पाय ठरत नाही. मुळातली शहाबादी किंचित खरखरीत असते, म्हणूनच ती पिढ्यान्‌ पिढ्या ओसरीला आणि अंगणाला वापरली गेली.

फरशी ओली असताना लेप मारला तर हे सगळे लवकर होते. रमजानच्या आदल्या आठवड्यात धुऊन, दुसऱ्या दिवशी लेप मारलेली फरशी ईद उल-अजहापर्यंत पांढरी पडली तर त्यात नवल नाही.

दगड कोणता आहे ते आधी पाहा

महाराष्ट्रात अंगणाला वापरला जाणारा बराचसा दगड चुनखडीचा आहे. कर्नाटकातील कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी, तेलंगणातली तांदूर, आंध्रातला कडप्पा, राजस्थानात रामगंज मंडीच्या भागातून येणारा कोटा, जैसलमेरचा पिवळा दगड, हे सगळे चुनखडीचे भाऊबंद आहेत. चुनखडीवर ॲसिड पडले की फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघाल्याची खूण नव्हे. दगड विरघळून त्यातून वायू बाहेर पडत असतो. फरशीचा एखादा तुटका तुकडा घ्यावा, त्यावर ॲसिडचा एक थेंब टाकावा आणि डोळ्यांनी पाहून खात्री करावी. ज्या ठिकाणी लेप शाबूत आहे तिथे ॲसिड वरून वाहून जाते आणि जिथे लेप निघाला आहे तिथे दगडात खड्डे पडतात. म्हणजे काम झाल्यावर फरशी आधीपेक्षा जास्त चट्टेदार दिसते. सांध्यांतले सिमेंटही पोकळ होते.

धोलपूर किंवा आग्र्याकडचा लाल दगड वालुकाश्म आहे. त्याचे कण ॲसिडला दाद देत नाहीत, पण कणांना धरून ठेवणारा मसाला अनेकदा चुन्याचा किंवा लोहाचा असतो. तिथे ॲसिड गेले तर कण सुटतात किंवा गंजासारखे डाग येतात. आपल्या काळ्या दगडातही लोह आहे, म्हणून तोही तांबूस होऊ शकतो. ग्रॅनाईट तग धरील, परंतु त्याच्यावरचा प्लास्टिकचा लेप ॲसिडने सुटणार नाही तो नाहीच. कोकणात जांभ्यावरही हल्ली लेप मारतात. जांभा फार छिद्राळ असल्याने लेप खोल शिरतो. तिथे पूर्ण सफाईची आशा कोणी दाखवू नये.

पॉलिशवाले बंधू म्हणतील की आम्ही तर शेवटच्या हाताला ऑक्झॅलिक ॲसिडची पूड वापरतोच. ती गोष्ट वेगळी आहे. ती पूड उघड्या, घासलेल्या दगडावर चमक आणण्यासाठी असते. लेप काढण्याच्या कामात तिचा उपयोग नाही.

लेप कोणता आहे हे ओळखणे

कापडाच्या धंद्यात हा नियम सर्वांना पाठ आहे. भिवंडी-मालेगावकडचे कोरे कापड प्रोसेसला गेले की पहिला प्रश्न असतो, सायझिंगमध्ये ताण्याला काय लावले आहे? स्टार्चची कांजी असेल तर ती एन्झाईमने सोडवतात. पीव्हीए असेल तर गरम पाण्याने जाते. मेण किंवा चरबी असेल तर सोडा-साबणाशिवाय हलत नाही. न विचारता सगळ्याला एकच औषध मारणारा प्रोसेसवाला एक तर कांजी आत ठेवतो, नाही तर कापड जाळतो. फरशीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की कापडाचा ठाण वाया गेला तर दुसरा येतो, बसवलेली फरशी उखडावी लागते.

पहिली तपासणी पाण्याची. कोरड्या फरशीवर चार थेंब टाकून पाच-दहा मिनिटे थांबावे. दगड काळसर झाला, पाणी प्यायला, तर तिथे लेप उरलेला नाही. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काहीतरी आहे. आता नाण्याच्या कडेने कोपऱ्यात हलके खरवडावे. पातळ पापडी किंवा भुसा निघाला तर लेप वर बसलेला आहे, तो काढता येतो. काहीच निघाले नाही, फरशीला चमकही नाही, पण पाणी मात्र शिरत नाही, तर तो दगडात मुरणारा सीलर आहे. त्याचे पुढे सांगतो.

वर बसलेला लेप असेल तर कापसाचा बोळा रंगाच्या थिनरमध्ये किंवा झायलीनमध्ये भिजवून फरशीवर ठेवावा आणि वर काचेचा पेला पालथा घालावा. पाच मिनिटांनी बोट लावून पाहावे, हातमोजा घालूनच. चिकट लागले, बोळ्याचे तंतू अडकले, तर तो थिनरवर बनलेला ॲक्रिलिक आहे. काहीच झाले नाही तर दुसऱ्या जागी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात भिजवलेले फडके पंधरा मिनिटे ठेवावे. लेप पांढरा होऊन मऊ पडला तर तो पाण्यावर बनलेला फ्लोअर पॉलिशचा प्रकार आहे. मेण असेल तर टर्पेंटाईनच्या फडक्यावर तेलकट मळ उतरतो. या तिन्हींना न जुमानणारा, नखाला काचेसारखा लागणारा लेप बहुधा पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी असतो. तो सर्वांत जिद्दी.

रिकामा डबा कोणाकडे शिल्लक असेल तर ही सगळी मेहनत वाचते. ज्याने लेप मारला त्याला भांडण न करता आधी एवढेच विचारावे, की भाई, डब्यावर काय लिहिले होते?

प्रत्यक्ष काम

काहीही करण्यापूर्वी कोपऱ्यातली एक फूट बाय एक फूट जागा नमुना म्हणून करावी आणि पूर्ण सुकल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पाहावी. ओल्या फरशीवर सर्व काही छान दिसते. नमुन्यात लेप गेला, दगडाचा रंग आणि पोत शाबूत राहिला, तरच पुढे जावे.

काम सकाळी सावलीत करावे. मे महिन्याच्या उन्हात दगड तव्यासारखा तापतो आणि औषध पसरताच उडून जाते. पावसाळ्यात फरशी कधीच सुकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मस्जिदीत एकदम सगळे सहन घेऊ नये. अर्धे घ्यावे, मध्ये दोरी बांधावी, नमाज्यांची वाट दुसऱ्या अर्ध्यातून ठेवावी. जुम्याच्या आदल्या दिवशी वास येणारे औषध काढूच नये.

थिनरवरच्या ॲक्रिलिकला झायलीन किंवा बाजारातले ॲक्रिलिक काढणारे स्ट्रिपर लागते. पातळ थिनर सांध्यांत पळतो आणि विरघळलेला लेप आणखी खोल नेतो. म्हणून जाड, लापशीसारखे स्ट्रिपर बरे. ते ब्रशने एका दिशेने जाड पसरावे, घोळू नये. वर पॉलिथिनचा कागद अंथरावा म्हणजे उडणार नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, साधारण पंधरा ते तीस मिनिटे. लेप सुरकुतला की प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडून सुपलीत गोळा करावा. सांध्यांसाठी नायलॉनचा ब्रश घ्यावा. तारेचा ब्रश मुळीच नको. त्याचे बारीक तुकडे दगडात अडकतात आणि पहिल्या पाण्यात गंजतात. उरलेला चिकटा फडक्याने टिपून घ्यावा, पाण्याने पसरवू नये. टिपल्यानंतरच धुवावे. जुन्या, तीन-चार हात दिलेल्या लेपाला दुसरी फेरी लागतेच, तिचा हिशेब आधीच धरावा.

पाण्यावरच्या पॉलिशला व काही मेणांना क्षारयुक्त फ्लोअर स्ट्रिपर चालते. ते सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून फरशी भिजवायची, सुकू द्यायची नाही, घासायची आणि मळकट पाणी उचलून घ्यायचे. येथे खरे काम धुण्याचे आहे. तीन-चार वेळा स्वच्छ पाणी फिरवावे. दुकानात लिटमस कागद स्वस्त मिळतो. ओल्या फरशीवर लाल कागद निळा होत असेल तर क्षार अजून शिल्लक आहे. हा क्षार दगडात राहिला तर पुढे पांढरी फुले येत राहतात. याच कारणाने कॉस्टिक सोडा वापरू नये. तो लेप काढतो हे खरे, पण दगडात सोडून जातो ते काढायला वर्ष जाते.

पॉलियुरेथेन आणि इपॉक्सीसाठी बेंझिल अल्कोहोलवर बनलेली स्ट्रिपर मिळतात. ती सावकाश काम करतात. पॉलिथिनखाली काही तास, कधी रात्रभरही ठेवावी लागतात. झटपट काम करणारे म्हणून मिथिलीन क्लोराईडचे स्ट्रिपर दाखवले जाते. त्याच्या वाफेने बंद जागेत काम करणारे कारीगर अमेरिकेत मेले आहेत. तिथे २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी सामान्य ग्राहकांना त्याची विक्री बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये बंदी आणखी वाढवली गेली. वजूखान्यासारख्या तीन बाजूंनी बंद जागेत तर ते आणूच नये.

फरशी यंत्राने घोटलेली सपाट असेल, जसा घोटलेला कोटा, तर पॉलिश मशीनने घासून लेप काढणे अनेकदा औषधापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित पडते. नैसर्गिक खडबडीत अंगाची शहाबादी मात्र मशीनखाली घालू नये. उंचवटे घासले जातात, खोलगट जागी लेप तसाच राहतो. जोराच्या पाण्याच्या मशीनचा मोह हल्ली फार आहे. गरम पाण्याने ॲक्रिलिक मऊ पडते ही गोष्ट खरी, पण जोर जास्त झाला की सांधे उडतात आणि वालुकाश्माचे अंग ओरखडते. पंख्यासारखी रुंद धार ठेवावी, नळी लांब धरावी. वाळूचा मारा कोणत्याच दगडी अंगणाला करू नये.

खड्ड्यांत आणि छिद्रांत उरलेल्या लेपासाठी लेपच लावायचा, पण औषधी. पांढरी खडूची भुकटी किंवा चिनी माती त्याच औषधात कालवून भाकरीच्या पिठाइतकी घट्ट करावी, बोटाच्या जाडीने थापावी आणि पॉलिथिनने झाकून एक दिवस ठेवावी. मग पॉलिथिन काढून सुकू द्यावी. सुकताना ती लेप ओढून घेते. साध्या तांबड्या मातीने हे करू नये, दगड रंगतो.

दगडात मुरलेला सीलर मात्र खऱ्या अर्थाने काढता येत नाही. तो दगडाच्या छिद्रांच्या भिंतींना धरून बसलेला असतो. त्याने फरशी काळपट केली असेल तर वरील थापणीने थोडा उजेड येतो, बाकी ऊन, पाऊस आणि वर्षे त्याला झिजवतात. समाधानाची बाब ही, की असा सीलर साधारणपणे ओल अडकवत नाही आणि फारसा घसरतही नाही. तेव्हा नुसते पाण्याचे थेंब उभे राहतात म्हणून खर्च करू नये.

जीव सांभाळा

थिनर आणि झायलीनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीने पेटते. विडी-सिगारेट बंद, पाण्याचा पंप बंद, जवळच्या चुली बंद. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेचा काडतूसवाला मास्क घ्यावा आणि उघड्या हवेतच काम करावे. पातळ रबरी हातमोजे थिनरमध्ये फुगतात, स्ट्रिपरच्या डब्यावर सांगितलेलेच घ्यावेत. कारीगराच्या पोराला शाळेच्या सुट्टीत फडके धरायला बसवतात, तेही या कामात नको. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो. म्हणून ज्या फरशीवर आधी कोणी काही ओतले आहे ती साध्या पाण्याने भरपूर धुतल्याशिवाय नवे औषध टाकू नये. खरवडलेला मळ हौजात, विहिरीत किंवा गटारात जाऊ देऊ नये. तो लाकडाच्या भुशात टिपून झाकणाच्या डब्यात भरावा.

ठेका आणि हिशेब

हे काम चौरस फुटाच्या अंदाजी भावाने घेणारा कारीगर बहुधा तोट्यात जातो आणि मग घाईने ॲसिडकडे वळतो. नमुन्यावरून हिशेब काढावा. समजा १० चौरस फुटांच्या नमुन्याला ४०० मिलिलिटर स्ट्रिपर लागले. अंगण ५ ब्रास, म्हणजे ५०० चौरस फूट असेल तर त्याच्या ५० पट, २० लिटर होते. सांधे आणि दुसऱ्या फेरीसाठी चौथाई वाढवून २५ लिटर धरावे. तसाच वेळही घड्याळ लावून मोजावा. सामान आणि मजुरी वेगळी दाखवावी. पहिल्याच दिवशी सगळा माल उचलू नये, नमुन्यापुरता एक लिटर घ्यावा.

कागदावर चार गोष्टी लिहून दोघांनी सही करावी. नमुना कोणत्या कोपऱ्यात केला आणि तो दोघांना पसंत आहे, किती फेऱ्या धरल्या आहेत, पाणी व मळाची विल्हेवाट कोणाकडे, आणि लेपाखालचे जुने डाग, ॲसिडचे खड्डे यांची जबाबदारी कारीगरावर नाही. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लेप निघाला की त्याने झाकलेले सगळे उघडे पडते आणि मालकाला वाटते की हे याने केले. मस्जिदीचे काम असेल तर ट्रस्टी मंडळींनी एका सभासदाच्या तोंडी होकारावर काम देऊ नये. तो पैसा जमातीची अमानत आहे, कारीगराची मजुरीही तशीच. असा चोख व्यवहार करणाऱ्या कारीगरांना या कामात चांगली संधी आहे, कारण लेप मारणारे गल्लोगल्ली आहेत आणि नीट काढणारे फार थोडे.

काम झाल्यावर

फरशी सुकायला वेळ द्यावा. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. दोन-तीन आठवडे पांढरी भुकटी येत राहील. ती कोरड्या खराट्याने झाडावी, पाण्याने धुऊ नये, नाही तर ती विरघळून पुन्हा आत जाते. या काळात कोणी नवा डबा आणला तर परत पाठवावा.

पुढे सीलर मारायचाच का, हे जागेवर ठरवावे. साध्या अंगणाला आणि सहनाला तो लागत नाही असे माझे मत आहे. स्वयंपाकघराबाहेर तेल-मसाला सांडणारी जागा असेल किंवा दावतीचे देग ठेवले जात असतील, तर तेवढ्या भागाला मुरणारा, चमक न आणणारा सीलर पुरे. तो पूर्ण सुकलेल्या दगडावर मारावा आणि अंगावर उरलेला काही मिनिटांत पुसून घ्यावा. रोजच्या सफाईला साधे पाणी, आणि महिन्यातून एकदा सौम्य साबणाचे पाणी व कडक झाडू चालेल. शेवाळ आले तर नायलॉनच्या ब्रशने घासावे. ज्या पातळ बाटलीवर 'ॲसिड' किंवा 'टाइल क्लीनर' लिहिले आहे ती झाडूवाल्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, शक्य तर फरशीच्या सामानापासून दूरच्या कपाटात ठेवावी.